मदत हवी आहे: तारप्यासाठी जाड सालीच्या जुन्या भोपळ्याचं बियाणं

आम्ही विक्रमगड तालुक्यातले वारली. माझे काका तारपा बनवतात. वारली चित्रात नाचणाऱ्यांच्या गोलाच्या मधोमध जो वाजवणारा दिसतो, त्याच्या हातातलं हे वाद्य. वाळवलेला दुधी भोपळा, बांबूच्या दोन नळ्या, टोकाला ताडपानांचा कर्णा, आणि सांधायला मेण. ताडपानं लांबून का होईना, मिळतात. अडचण भोपळ्याची आहे.

पूर्वी घराच्या छपरावर वेल चढायचा. त्याची फळं जाड सालीची, लांब मानेची. ते बियाणं आमच्या पाड्यावर आता कुणाकडेच उरलं नाही. दोन वर्षं बाजारातलं संकरित बियाणं लावून पाहिलं. फळं भाजीला छान, पण साल पातळ. वाळताना काही सुरकुतली, काही आतून कुजली, एकाला भोक पाडतानाच तडा गेला. देठ सुकेपर्यंत वेलावर ठेवणं, चुलीवर टांगणं, दोन्ही करून झालं. आजूबाजूच्या चार गावांतही विचारून आलो.

फायबरचा किंवा प्लास्टिकचा पर्याय कृपया सुचवू नका. काका तो वाजवणार नाहीत, आणि मलाही ते पटत नाही. भोपळा कडू असला तरी चालेल, खायचा नाही. योग्य ती किंमत देऊ. जव्हार, मोखाडा, डहाणू, तलासरी, डांग कुठेही स्वतः येऊन घेऊन जाईन, पण पहिल्या पावसाच्या आत बी मातीत पडायला हवं.

असं बियाणं कुणाकडे आहे का? आणि फळ न कुजता वाळावं म्हणून तुमच्याकडे नेमकं काय करतात?