मोंत्रोचा फ्रेडी आणि आम्ही 'पुतळापूजक'

गिरमिट
काल इथे एका महाशयांनी लिहिलं की स्वित्झर्लंडमधल्या मोंत्रोला जाऊन 'क्वीन' या ब्रिटिश रॉक बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरीच्या पुतळ्याशेजारी त्याच्यासारखीच मूठ उगारून फोटो काढणारे मराठी लोक म्हणजे 'क्वीन'ची दोन गाणी ऐकलेले पुतळापूजक. शिवाय बँड चौघांचा, पुतळा एकाचा, म्हणजे बाकीच्या तिघांचा अपमान. प्रतिसाद लिहायला बसलो, तो लांबला, म्हणून वेगळा धागा.

फ्रेडी २४ नोव्हेंबर १९९१ ला गेला. पुतळ्यासाठी लंडनमध्ये जागा मिळेना. ज्या शहराला त्याने वेड लावलं तिथे! शेवटी २५ नोव्हेंबर १९९६ ला मोंत्रोत, सरोवराकाठी, इरेना सेडलेकाने घडवलेला तीन मीटरचा ब्राँझचा फ्रेडी उभा राहिला. अनावरण ऑपेरा गायिका माँत्सेरात काबायेच्या हस्ते. बँडमधले ब्रायन मे आणि रॉजर टेलर तिथे हजर होते. अपमान झालेली माणसं अशी समारंभाला येतात का? बरं, अनावरणाच्या आदल्याच वर्षी, १९९५ ला आलेल्या 'मेड इन हेवन' अल्बमच्या मुखपृष्ठावर हाच पुतळा बँडने स्वतः छापलाय.

मी त्या पुतळ्यापुढे उभा राहिलो आणि रडलो. फोटोही काढला. मूठ उगारूनच.

खडूस_आजोबा
ते महाशय मीच. रडलात, छान झालं. आता मोजा. 'वुई विल रॉक यू' मेचं, 'रेडिओ गा गा' टेलरचं, 'अनदर वन बाइट्स द डस्ट' बँडमधल्या चौथ्याचं, डीकनचं. लग्नाच्या वरातीत जी वाजवता त्यातली बरीचशी फ्रेडीने लिहिलेलीच नाहीत.

मोंत्रोत खरी पाहायची जागा म्हणजे कॅसिनोतला माउंटन स्टुडिओ. बँडच्या 'जॅझ' अल्बमचं रेकॉर्डिंग तिथे झालं, १९७९ मध्ये बँडने तो विकतच घेतला. आता तिथे संग्रहालय आहे, तेही फुकट. आम्ही गेलो तेव्हा आत चार टाळकी होती. बाहेर पुतळ्यापाशी एक पोरगा विचारत होता, "बाबा, हा कोण?" बाबा म्हणाले, "मायकल जॅक्सनसारखाच कुणीतरी." शुद्ध मराठीत, बरं का.

पाचगणीची_पोर
मोंत्रो राहू द्या हो. तो शिकला कुठे? पाचगणीच्या सेंट पीटर्समध्ये. पियानो तिथे शिकला, 'हेक्टिक्स' हा पहिला बँड तिथे काढला. लंडनच्या फेल्टममधल्या त्याच्या घराला नामवंतांच्या घरांना लावतात ती निळी पाटी लागली. आपण काय करतो, तर मॅप्रोत सँडविच खाऊन परत! ठसठशीत स्मारक पाचगणीतच हवं.

पसरणीग्रस्त
नको!! हात जोडतो. शनिवारी पसरणी घाटात एकदा अडकून बघा. माझ्या आईला वाईच्या दवाखान्यात न्यायचं होतं आणि पुढे कोण तर टपातून बाहेर निघून रील काढणारी पोरं. आणखी एक सेल्फी पॉइंट झाला तर आम्ही गावं सोडायची का? आधी पार्किंग करा, मग कुणाचे हवे त्यांचे पुतळे उभारा.

सडेतोड
आणि मुळात तो 'आपला' कधी झाला? जन्म झांझिबारचा, पासपोर्ट ब्रिटिश. फारुख बुलसारा हे नाव टाकून दिलं, भारताबद्दल चकार शब्द काढायचा नाही. ज्याला आपली लाज वाटत होती त्याच्या गळ्यात आपणच हार का घालायचे? हा न्यूनगंड आहे.

अडगुलं
सडेतोड, जरा जपून. १९६८ मध्ये ब्रिटिश खासदार इनॉक पॉवेलचं स्थलांतरितांविरुद्धचं भाषण झालं. त्यानंतर दोनच वर्षांत हा पोरगा लंडनमध्ये बँड उभा करत होता. तेव्हाच्या लंडनमध्ये आपल्या माणसांना काय ऐकावं लागायचं ते माझ्या मामाला विचारा. तो सत्तरच्या दशकात गेला, ऑफिसात सुरेशचा 'सॅम' झाला आणि रिटायर होईपर्यंत सॅमच राहिला. घरी मात्र दर चतुर्थीला मोदक. त्यालाही आपली लाज वाटायची का?

आणि फ्रेडीचे अंत्यविधी पारशी धर्मगुरूंनी केले होते, हेही लिहून ठेवा.

सडेतोड
तुमचा मामा वेम्बली स्टेडियमात गात नव्हता. ज्याच्या हातात माइक असतो त्याने बोलावं, एवढीच अपेक्षा.

अडगुलं
माझ्या मामावर जायचं काम नाही. माइक हातात असला की माणसाने जगापुढे जातीचा दाखला वाचून दाखवायचा का? आईवडील शेवटपर्यंत त्याच्या आयुष्यात होते. तुम्हाला आणखी काय पुरावा हवा, रेशनकार्ड?

पाचगणीची_पोर
मी फक्त स्मारक म्हटलं होतं. :(

सडेतोड
ठीक आहे, 'लाज' हा शब्द मागे घेतो. मामांची माफी. फ्रेडीची नाही.

गिरमिट
धागा माझा आणि चर्चा मामांवर, वा! खडूस_आजोबा, स्टुडिओचं तुमचं मान्य, कारण मीही आत गेलो होतो आणि खरंच चारच टाळकी होती. त्यातले एक तुम्ही असाल तर तिथेच भांडलो असतो. पण बाकी तिघांचे पुतळे हवेत हे अजिबात पटलेलं नाही. मे आणि टेलर अजून स्टेजवर उभे आहेत, त्यांना ब्राँझमध्ये कशाला घालता?

खडूस_आजोबा
डीकनचा तरी उभारा.

गिरमिट
तो माणूस १९९७ पासून बँडपासून आणि कॅमेऱ्यापासून लांब राहिलाय. पुतळा उभारला तर स्वतः येऊन पाडेल.

पसरणीग्रस्त
पार्किंगवर कुणीच बोललं नाही.