१ मे म्हणजे फक्त १९६० नव्हे

महत्त्वाच्या तारखांच्या एका यादीत १ मेपुढे १९६० ची महाराष्ट्राची राज्यस्थापना आणि कामगार दिन एवढंच दिसलं, म्हणून थोडी भर. १ मे १९६२ ला राज्यात जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या सुरू झाल्या. वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवर उभी राहिलेली ही व्यवस्था माझ्या मते राज्यस्थापनेइतकीच मोलाची, कारण गावची शाळा नि दवाखाना तिच्याकडे आले.

१ मे १९८१ ला सिंधुदुर्ग आणि जालना जिल्हे झाले. त्याआधी सावंतवाडीच्या माणसाला कलेक्टर कचेरीत अर्ज द्यायचा तर कागदपत्रं पिशवीत घालून थेट रत्नागिरी गाठावी लागे. कणकवली, राजापूर मागे टाकत अख्खा दिवस एसटीत! हिंगोली नि गोंदियाही १ मेचेच, साल १९९९.