रात्री फोन बंद ठेवता येत नाही आणि चालू ठेवला की झोप लागत नाही. काय करावं?

संभाजीनगरचा:

नमस्कार मंडळी. मी संभाजीनगरात राहतो. कोल्हापुरातलं, एसटी स्टँडचं. हल्ली दरवेळी सांगावं लागतं. वय पंचेचाळीस, कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत स्टोअरला नोकरी, जनरल शिफ्ट. अकराला आडवा होतो, डोळा लागेपर्यंत एक-दीड वाजतो. मध्ये जाग आली की किती वाजले बघायला फोन उचलतो, आणि मग अर्धा तास रील्स. सकाळी बसमध्ये मान पडते.

फोन दुसऱ्या खोलीत ठेवा म्हणणाऱ्यांसाठी आधीच सांगतो: आई राधानगरी तालुक्यात गावी एकटी असते, शुगर-बीपी दोन्ही आहे. रात्री तिचा फोन आला तर मला कळायलाच पाहिजे. दुसरं म्हणजे पावसाळा. मोठा भाऊ शुक्रवार पेठेत, नदीच्या अंगाला. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीकडे सरकलं की ग्रुपवर दर तासाला फोटो सुरू, ४३ ची धोका पातळी जवळ आली की मग कुणीच झोपत नाही. २०१९ ला ५५ फुटांच्या वर गेलेलं बघितलंय, त्यामुळे ग्रुप म्यूट करायला धीर होत नाही.

गोळी नको आहे. घरात साधा अँड्रॉइड फोन, ब्लूटूथ स्पीकर आणि मुलीनं दिलेलं स्मार्टवॉच आहे. यातूनच काही जमवता येईल का? फार खर्च नको.

दुधाळीकर:

दादा, आईसाठी फोन चालू ठेवायचा तर फक्त आईसाठी चालू ठेवा की. कॉन्टॅक्टमध्ये आईच्या आणि भावाच्या नावापुढचा तारा दाबा. मग सेटिंग्जमध्ये 'डू नॉट डिस्टर्ब' उघडा, त्यात कॉल्सला 'स्टार्ड कॉन्टॅक्ट्स' एवढंच ठेवा, मेसेज पूर्ण बंद. त्याच पानावर 'रिपीट कॉलर्स' आहे, तेही चालू करा. अनोळखी नंबरवरून कुणी १५ मिनिटांच्या आत दुसऱ्यांदा फोन केला तर तो वाजतो. म्हणजे शेजारच्या काकांनी त्यांच्या फोनवरून लावला तरी दुसऱ्या वेळी तुम्हाला कळणार. शेड्यूल लावून ठेवलं की रोज आठवण ठेवायला नको. कंपनीप्रमाणे नावं थोडी इकडंतिकडं असतील.

आयफोनवाल्यांनी कॉन्टॅक्ट एडिट करून रिंगटोनमध्ये 'इमर्जन्सी बायपास' चालू करावं, सायलेंटवर असला तरी तेवढा नंबर वाजतो. तिकडं दुसऱ्या कॉलची मुदत तीनच मिनिटं आहे.

एवढं झालं की आवाज मोठा करून फोन हॉलमध्ये चार्जिंगला लावा. तुमची अडचण फोन वाजण्याची नाही, हाताशी असण्याची आहे.

संभाजीनगरचा:

हे ताऱ्याचं माहीतच नव्हतं. आज रात्रीच करतो. आईकडं बटणांचा फोन आहे, तिला नंबर शोधायलाच वेळ लागतो ते वेगळं.

राजारामपुरी_काकू:

अरे मग स्पीड डायल लावून दे ना तिला. २ चं बटण दाबून धरलं की तुला फोन. माझ्या सासूबाईंना असंच करून दिलं होतं, बटणावर लाल नेलपॉलिशचा ठिपका लावला. चष्मा नसला तरी ठिपका दिसतो.

आणि ग्रुपचं म्हणशील तर पुराच्या दिवसांत आमच्या नात्यातल्या गल्लीत सरळ पाळी लावतात. रात्री दोघं जागे, पाणी ठरलेल्या पायरीला लागलं की ते फोन करून उठवतात, बाकीचे झोपतात. फोटो बघून कुणाचं सामान वर चढत नाही. भावाला सांग, निरोप द्यायचा तर साधा कॉल कर, व्हॉट्सॲपवर नको. पुरात नेट कधी जाईल सांगता येत नाही.

करवीरचा_गडी:

तुमचं दुखणं येगळं हाय, पण माझं बी सांगतो, उपयोगी पडलं तर बघा.

आमच्यात शेतीची लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रातची. रातच्या आठवड्यात लाईट आली का बघायला दहादा उठायचं, आली की बॅटरी घिऊन मोटर चालू करायला जायाचं. वाटेत गवं उभं असत्यात. ऊस भिजवायचा म्हणून माणूस झोपायचाच न्हाई. मग मोबाईल स्टार्टर बसवला. स्टार्टरच्या शेजारी एक डबी, तिच्यात सिमकार्ड. घरातनं त्या नंबरला फोन लावला की बाई सांगत्या लाईट हाय का न्हाई, बटण दाबलं की मोटर चालू. पाणी संपलं, फेज गेला तर आपोआप बंद.

गंमत पुढं हाय. लाईट आली-गेली की डबी मलाच फोन करायला लागली! पहिल्यापेक्षा जादा उठाय लागलं. मग पोरानं ती ऑटोवर टाकली आणि मला येणारं कॉल बंद केलं. आता लाईट आली की ती तिची चालू हुत्या, मी सकाळी बघतो. पाईप फुटली तर तेवढं डबीला कळत न्हाई, रान तळं झाल्यावर कळतं. पण झोप लागत्या. काय करायचं ते यंत्राला करू द्या, पण यंत्रानं आपल्याला सांगाय येऊ नये, एवढंच.

दुधाळीकर:

काका, विषय हार्ड! माझ्या सगळ्या सेटिंगपेक्षा हे भारी.

तंबोरा:

स्पीकर आहे म्हणता तर त्याचा उपयोग करा, पण शब्द असलेलं काही लावू नका. बातम्या, मुलाखती, कीर्तनसुद्धा नको, कान अर्थाच्या मागे लागतो. मी तानपुऱ्याचं ॲप लावतो. स्वर खाली, पट्टी काळी एक किंवा पांढरी एक, आवाज इतका कमी की पंखा बंद केल्यावरच नीट ऐकू यावा. सा-प चा गुंजारव चालू राहतो, पुढं काय होणार याची उत्सुकताच नसते.

गाणंच हवं तर आकाशवाणीची 'रागम्' ही शास्त्रीय संगीताची वाहिनी त्यांच्या ॲपवर चोवीस तास चालते. आलापी लागली तर उत्तम. जयपूर घराण्याच्या अल्लादियाखाँसाहेबांच्या गावात हे बोलू नये, पण त्या घराण्याची गायकी झोपायला मुळीच कामाची नाही. लयीशी खेळत तान समेवर कशी येते ते बघण्यात माणूस टक्क जागा होतो. देवल क्लबाच्या जुन्या श्रोत्यांना विचारा.

एक तांत्रिक गोष्ट: टायमर लावा. बऱ्याच गाण्याच्या ॲपमध्ये स्लीप टायमर असतो. आयफोनच्या घड्याळात टायमर संपल्यावर वाजणाऱ्या आवाजाच्या यादीत सगळ्यात खाली 'स्टॉप प्लेइंग' आहे, ते निवडलं की जे काही चालू असेल ते बंद होतं. नाहीतर पहाटे तीनला एखादी जाहिरात किंचाळून उठवते.

फौंड्री_नाईट:

मी शिरोलीत फौंड्रीत, आठवड्याआड नाईट. तुम्हाला रात्री झोप येईना, आम्हाला दिवसा झोपू देत न्हाईत! सकाळी आठला येऊन पडलं की घंटागाडीचं गाणं, मग कुरिअर, मग दारावरची बेल. मी बेलच्या वायरला मध्ये एक साधं बटण टाकून घेतलं, झोपताना बेल बंद. खिडकीला जाड पडदा, टेबल फॅन भिंतीकडं तोंड करून फुल्ल. वारा नको असतो, आवाज पाहिजे असतो. सलग घरघर असली की मधले बारके आवाज त्यात मुरतात.

सीझनला रात्री रस्त्याकडेच्या घरांना तर हेच औषध. उसाचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या ओढत, टेप फुल्ल सोडून जातो तेव्हा बाकी काही चालत नाही. रात्री दहा ते सकाळी सहा स्पीकरला बंदी आहे हे २००० च्या नियमात आहे, पण ड्रायव्हर म्हणतो गाणं बंद केलं तर मलाच डुलकी लागंल. त्याचंबी खरं हाय.

पुणेकर_पण_मूळचा_कोल्हापूरचा:

निळ्या प्रकाशाचा फिल्टर लावा, प्रश्न सुटेल. मी लावलाय.

मेडिकलवाली:

इतका सोपा असता तर काय हवं होतं. स्क्रीन पिवळसर केल्यानं झोप सुधारते का यावरच्या अभ्यासांचे निकाल एकसारखे नाहीत. आयफोनच्या स्क्रीन पिवळसर करणाऱ्या 'नाईट शिफ्ट' सेटिंगवर २०२१ मध्ये झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात तर फारसा फरकच दिसला नाही. पिवळ्या स्क्रीनवर भांडणाची कमेंट वाचली तरी डोकं तापतंच. त्यापेक्षा बेडटाइम मोडमधलं 'ग्रेस्केल' लावून बघा. रील्स काळ्या-पांढऱ्या झाल्या की त्यातली निम्मी मजा जाते. घरातल्या दिव्यांकडंही बघा. हॉलमध्ये पांढरीफेक ६५०० केल्विनची ट्यूब रात्री अकरापर्यंत आणि मग फोनला फिल्टर, याला काय अर्थ? जेवणानंतर ट्यूब बंद करून २७०० केल्विनचा पिवळा एलईडी लावा, खोक्यावर आकडा लिहिलेला असतो.

घड्याळाबद्दल माझं स्पष्ट मत: रात्री काढून ठेवा. मनगटावरचं घड्याळ हालचाल आणि नाडीवरून अंदाज बांधतं. किती वेळ झोपलात हे साधारण सांगतं, पण गाढ झोप किती, स्वप्नांची किती, यावर फार विसंबू नये; त्याची खरी मोजणी डोक्याला तारा लावून होते. 'स्लीप स्कोर' बघून काळजी करणारे लोक इतके वाढले की डॉक्टरांनी २०१७ मध्ये त्या काळजीलाच ऑर्थोसोम्निया असं नाव दिलं. दुकानात येतात माणसं, चेहरा ताजातवाना आणि तक्रार काय, तर घड्याळ म्हणतं झोप नीट झाली नाही.

फोनचा एक उपयोग मात्र कुणी सांगितला नाही. घोरता का? वहिनींना विचारा, किंवा एक रात्र फोनवर आवाज रेकॉर्ड करा. घोरणं मध्येच थांबून, शांतता होऊन, मग घुसमटल्यासारखा श्वास येत असेल तर तो स्लीप ॲप्निया, म्हणजे झोपेत श्वास अडकण्याचा आजार, असू शकतो. दिवसा बसमध्ये मान पडते असं लिहिलंय म्हणून विचारते. तसं असेल तर तानपुरा आणि दिवे यांनी काही होणार नाही, ते रेकॉर्डिंग घेऊन कान-नाक-घसा किंवा छातीच्या डॉक्टरांकडं जा.

संभाजीनगरचा:

घोरतो असं घरातून कळलं, जरा जास्तच जोरात कळलं. पण सलग घोरतो म्हणे, थांबत नाही. तरी रेकॉर्ड करून ठेवतो.

आणि मध्ये जाग आली, फोन हॉलमध्ये आहे, मग काय करायचं? नुसतं पडून छताकडं बघायचं?

मेडिकलवाली:

नाही. साधारण वीस मिनिटं झोप लागत नाही असं वाटलं, घड्याळ न बघता, तर उठून दुसऱ्या खोलीत बसायचं. मंद दिवा, हातात कंटाळवाणं काहीतरी. पेंग आली की परत अंथरुणात. ही रिचर्ड बुटझिन यांनी १९७२ मध्ये मांडलेली पद्धत, आजही निद्रानाशाच्या मानसोपचारात पहिल्या काही गोष्टींत हीच शिकवतात. झोपेच्या गोळीच्या आधी हे उपचार द्यावेत असं अमेरिकेतल्या फिजिशियन डॉक्टरांच्या संघटनेनं २०१६ मध्ये सांगितलंय. आठवड्यातून तीन-चार रात्री असं होत असेल आणि महिने उलटले असतील तर सीपीआर या सरकारी दवाखान्याच्या मानसोपचार विभागात दाखवा, लाजू नका. रात्री-अपरात्री जीव घाबरत असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर फुकट आहे, मराठीत बोलतात.

चहा किती वाजता शेवटचा?

संभाजीनगरचा:

सव्वासहाला सुटतो. गाडीतून उतरलं की स्टँडवर एक. घरी आल्यावर एक. जेवण झाल्यावर मित्र रंकाळ्यावर, तिथं एक.

मेडिकलवाली:

मग कशाला आम्हाला टाइप करायला लावलंत! कॅफिन पोटात गेल्यावर पाच-सहा तासांनी निम्मं उरलेलं असतं. रंकाळ्याचा बंद.

करवीरचा_गडी:

गंगावेशीत जावा की. म्हशीचं धारोष्ण दूध, फेसासकट. तिथनं घरी जाऊस्तोवर डोळं मिटाय लागत्यात.

राजारामपुरी_काकू:

अंघोळीचंही करून बघ. झोपायच्या तास-दीड तास आधी गरम पाण्यानं. नंतर अंग निवायला लागतं आणि झोप येते. गिझर आठवणीनं बंद कर पण. एसी असेल तर त्याला स्लीपचं बटण असतं, ते रात्री हळूहळू एक-दोन डिग्री वाढवतं, पहाटे काकडायला होत नाही.

संभाजीनगरचा:

एसी नाही, पंखा आहे, भिंतीकडं तोंड करून बघतो. ठरलं असं: आई आणि भावाच्या नावाला तारा, फोन हॉलमध्ये, ग्रेस्केल दहापासून, घड्याळ कपाटात, रंकाळ्यावर फक्त गप्पा. एकच अडलंय, सकाळी साडेपाचला गजर हॉलमध्ये वाजला तर अख्खं घर उठणार. साधं सेलवरचं गजराचं घड्याळ अजून मिळतं का कुठं? टिकटिक न करणारं.

दुधाळीकर:

महाद्वार रोडला घड्याळांच्या दुकानात मिळतं. 'स्वीप'चं मागा, त्याचा सेकंदकाटा उड्या मारत नाही, सरकतो, म्हणून आवाज नसतो. घेण्याआधी कानाला लावून बघा. आणि अंधारात चमकणारे काटे असलेलं घेऊ नका, परत रात्रभर वेळ बघत बसाल.

फौंड्री_नाईट:

घेतलं की दुकान सांगा, मलापण पायजे.