फलंदाजीच्या क्रमाचा वाद आणि सातव्या ते नवव्या क्रमांकाचा विसर

डगआउटवासी

मेजर लीग बेसबॉलचा २०२५ चा हंगाम संपला, लॉस एंजेलिस डॉजर्सने सलग दुसऱ्यांदा वर्ल्ड सिरीज, म्हणजे विजेतेपदाची अंतिम मालिका, जिंकली, तरीही त्यांच्या फलंदाजी आणि पिचिंग (गोलंदाजी) दोन्ही करणाऱ्या शोहेई ओहतानीला पहिल्या क्रमांकावर फलंदाजीला पाठवणे कितपत शहाणपणाचे आहे, हा वाद चाहत्यांमध्ये संपलेला नाही. आक्षेप घेणाऱ्यांचे म्हणणे थोडक्यात असे की, ओहतानीने ५५ होमरन मारले (मैदानाबाहेरचा फटका; त्यावर फलंदाजासह बेसवरचे, म्हणजे वाटेतल्या टप्प्यांवर थांबलेले, सगळे धाव पूर्ण करतात), पण त्याच्या फटक्यांवर संघाला मिळालेल्या धावा, म्हणजे आरबीआय, केवळ १०२ भरल्या. फिलाडेल्फियाचा काइल श्वार्बर त्याच्याहून एकच होमरन जास्त मारून १३२ पर्यंत पोहोचला. श्वार्बर हंगामाचा बराच काळ दुसऱ्या क्रमांकावर खेळला आणि त्याच्या पुढे ट्रे टर्नर होता, जो ०.३०४ च्या सरासरीने (यशस्वी फटक्यांच्या प्रमाणाने) नॅशनल लीगमध्ये अव्वल ठरला. म्हणून ओहतानीलाही खाली आणा, असा आग्रह धरला जातो.

मला हा आग्रह पटत नाही. क्रमवारीत एक जागा खाली गेल्यावर १६२ सामन्यांच्या हंगामात फलंदाजाच्या साधारण पंधरा ते वीस पाळ्या कमी होतात. ओहतानीला चौथ्या क्रमांकावर नेणे म्हणजे संघातील सर्वोत्तम फलंदाजाच्या पन्नासच्या आसपास पाळ्या आपण होऊन सोडून देणे आहे. शिवाय पहिल्या क्रमांकाचा फलंदाज रिकाम्या बेसवर खेळतो, ही खात्री सामन्यातील त्याच्या पहिल्या पाळीपुरतीच असते. त्यानंतर नऊ जणांचा क्रम फिरून पुन्हा पहिल्यावर येतो, म्हणून त्याच्या पुढे सातवा, आठवा आणि नववा फलंदाज येतो. २०२४ मध्ये सहकारी मुकी बेट्सचा हात मोडल्यावर जूनच्या मध्यापासून ओहतानी पहिल्याच क्रमांकावर खेळला आणि ५४ होमरनसह त्याने १३० धावा आणल्या. क्रमांक तोच होता, फलंदाजही तोच होता. पुढच्या वर्षीचा आकडा घसरला त्याचा दोष मी खालच्या फळीकडे देईन. १ कोटी ७० लाख डॉलर देऊन आणलेल्या मायकेल कॉनफोर्टोची सरासरी ०.१९९ राहिली आणि पोस्टसीझनच्या (नियमित हंगामानंतरच्या बाद फेरीच्या) संघात त्याला स्थानही मिळाले नाही.

खालची फळी काय करू शकते हे पाहायचे असेल, तर २०२५ च्या अमेरिकन लीगच्या अंतिम मालिकेतील सातव्या सामन्याचा सातवा डाव आठवावा. टोरोंटो ब्लू जेज सिॲटलविरुद्ध १-३ ने मागे होते. ॲडिसन बार्जरने वॉक (चार चुकीच्या चेंडूंमुळे फुकटचा पहिला बेस) मिळवला, आयझाया काइनर-फलेफाने सिंगल (पहिल्या बेसपर्यंतचा फटका) मारला आणि आंद्रेस हिमेनेझने बंट करून, म्हणजे चेंडू हलकेच टेकवून, दोघांना पुढे सरकवले. त्यानंतर लीडऑफ, म्हणजे पहिल्या क्रमांकाचा, फलंदाज जॉर्ज स्प्रिंगर आला आणि त्याच्या तीन धावांच्या होमरनने टोरोंटो ४-३ ने पुढे गेले, तो सामनाही तसाच संपला. दुसऱ्या दिवशी सगळीकडे स्प्रिंगरचे नाव झाले, ते योग्यच होते. पण बार्जरने वॉक घेतला नसता आणि काइनर-फलेफाने सिंगल मारला नसता, तर तोच फटका एका धावेचा ठरला असता. संघबांधणी करणाऱ्याने पहिल्या चारांच्या अदलाबदलीत डोके घालण्यापेक्षा शेवटच्या तिघांसाठी पैसा आणि ट्रेड (संघांमधील खेळाडूंची देवाणघेवाण) खर्च करावेत, असे माझे मत आहे.

आकडेमोड

डगआउटवासी, आपल्या गणिताशी मी बराचसा सहमत आहे. एकाच नऊ जणांची सर्वोत्तम मांडणी आणि साधारण समंजस मांडणी यांत हंगामभरात दहा-पंधरा धावांचा फरक पडतो, म्हणजे जेमतेम एक-दीड विजयाचा. सर्वोत्तम फलंदाज तिसऱ्या क्रमांकावरच हवा, हा जुन्या मॅनेजरांचा आग्रह तर हिशोबात टिकतच नाही, कारण दोन बाद आणि बेस रिकामे अशा निरुपयोगी स्थितीत तिसऱ्या क्रमांकाला फार वेळा यावे लागते.

मात्र आरबीआयचा आकडा खालच्या फळीच्या माथी मारताना एक गोष्ट सुटली आहे. आरबीआय हा मुळातच परिस्थितीवर अवलंबून असलेला आकडा आहे. त्याच्यावरून ओहतानीला खाली आणा म्हणणारे जसे घसरतात, तसेच त्याच्यावरून कॉनफोर्टोला दोषी ठरवणारेही घसरतात. ओहतानीने त्याच हंगामात स्वतः १४६ वेळा होम प्लेट गाठली, म्हणजे धाव पूर्ण केली. तोही त्याच्या क्रमांकाचाच परिणाम आहे, पण त्या आकड्याचा उल्लेख दोन्ही बाजूंचे लोक करत नाहीत.

चौथा क्रमांक

हंगामाच्या सरासरीने ऑक्टोबरचे सामने समजत नाहीत, हे माझे जुने म्हणणे आहे आणि टोरोंटोविरुद्धच्या २०२५ च्या वर्ल्ड सिरीजने त्याला पुरावा दिला आहे. तिसरा सामना नेहमीच्या नऊ डावांऐवजी अठरा डाव चालला. त्यात ओहतानीने दोन होमरन आणि दोन डबल (दुसऱ्या बेसपर्यंतचे फटके) मारल्यानंतर टोरोंटोने त्याच्याशी खेळणेच सोडून दिले आणि चार वेळा जाणूनबुजून वॉक दिला. हे धाडस त्यांना का झाले? कारण त्याच्या मागे बेट्स होता आणि बेट्सची बॅट त्या काळात थंड पडली होती. तुमच्या सर्वोत्तम फलंदाजाच्या हातातून बॅट काढून घेण्याची सोय तुमच्या क्रमवारीनेच प्रतिस्पर्ध्याला करून दिली होती.

मग डॉजर्सचा मॅनेजर डेव्ह रॉबर्ट्सने काय केले ते पाहा. त्याने विल स्मिथला दुसऱ्या क्रमांकावर आणले आणि सहाव्या सामन्यात बेट्सला चौथ्यावर उतरवले. त्या सामन्याच्या तिसऱ्या डावात टॉमी एडमन डबल मारून बेसवर असताना टोरोंटोने नेहमीप्रमाणे ओहतानीला वॉक दिला, तर स्मिथने डबल मारून धाव आणली, फ्रेडी फ्रीमनने वॉक मिळवला आणि बेट्सने दोन धावांचा सिंगल मारला. डॉजर्सच्या तिन्ही धावा त्याच डावातल्या, निकाल ३-१. सातव्या सामन्यात अकराव्या डावात ओहतानी बाद झाला, दोन जण बाद झाले होते आणि टोरोंटोचा पिचर शेन बीबरला होमरन मारून सामना ५-४ असा फिरवणारा फलंदाज होता दुसऱ्या क्रमांकाचा स्मिथ. तिसऱ्या सामन्याची क्रमवारी कायम असती, तर त्या क्षणी प्लेटवर बेट्स उभा असता. त्यानेही होमरन मारला असता असे ज्यांना वाटते, त्यांनी क्रमाला महत्त्व नाही असे खुशाल म्हणावे.

डगआउटवासी

@चौथा क्रमांक, अकराव्या डावापर्यंत सामना पोहोचला कसा, हे आपण सोयीने वगळले आहे. नवव्या डावात डॉजर्स ३-४ ने मागे होते, एक जण बाद होता आणि टोरोंटोच्या जेफ हॉफमनला बरोबरीचा होमरन मारणारा मिगेल रोहास नवव्या क्रमांकावर खेळत होता. छत्तीस वर्षांचा, मुख्यतः क्षेत्ररक्षणासाठी ओळखला जाणारा हा खेळाडू. त्याच डावाच्या उत्तरार्धात बेस भरलेले असताना होम प्लेटकडे फेकलेला त्याचाच चेंडू काइनर-फलेफाला बाद करून गेला, नाहीतर सामना तिथेच संपला होता. रॉबर्ट्सने त्याला सहाव्या सामन्यापासून दुसऱ्या बेसवर क्षेत्ररक्षणाला आणले, तो निर्णय मला स्मिथ आणि बेट्स यांच्या अदलाबदलीपेक्षा मोठा वाटतो.

क्वीन्सकर

डॉजर्सचे चाहते असले वाद घालू शकतात याचा मला हेवा वाटतो. आमच्या न्यूयॉर्क मेट्सकडे २०२५ मध्ये वरच्या फळीत फ्रान्सिस्को लिंडोर, हुआन सोटो आणि पीट अलोन्सो होते. पंधरा वर्षांसाठी ७६.५ कोटी डॉलरच्या करारावर आलेल्या सोटोने पहिल्याच वर्षी ४३ होमरन मारले आणि ३८ बेस चोरले (फटक्याविना धावून पुढचा बेस गाठला). अलोन्सोने १२६ धावा आणल्या. क्रमवारीला नाव ठेवायला जागा नव्हती. जूनच्या मध्यापूर्वी संघ ४५-२४ (विजय-पराभव) असा होता आणि हंगामाअखेरीस ८३-७९. सिनसिनाटीचीही कामगिरी नेमकी तेवढीच होती, पण आपसांतील सामन्यांत ते सरस होते, म्हणून पोस्टसीझनमध्ये ते गेले. आमचे सुरुवातीचे पिचर एकामागून एक कोसळले. ज्या संघाचा पिचर पाचव्या डावापर्यंत टिकत नाही, त्याने नवव्या फलंदाजाची चिंता करण्यात काय हशील?

विस्कॉन्सिनवासी

क्वीन्सकर यांचा मुद्दा मी पुढे नेतो, कारण मूळ लेखातील सिद्धान्ताची परीक्षा मिलवॉकी ब्रूअर्सवर झाली आणि त्यात तो अनुत्तीर्ण झाला. ब्रूअर्सचा पगारखर्च डॉजर्सच्या निम्म्याहूनही कमी. तरीही ९७ विजय मिळवून २०२५ च्या नियमित हंगामात ते सगळ्या लीगमध्ये पहिले आले आणि डॉजर्सला त्यांनी सहापैकी सहा सामन्यांत हरवले. वॉक घेणारे, बेस चोरणारे, स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद होणे) टाळणारे फलंदाज पहिल्यापासून नवव्यापर्यंत. डगआउटवासींना हवी तशीच रचना. आणि नॅशनल लीगच्या अंतिम मालिकेत काय झाले? चार सामने, प्रत्येकी एक धाव, एकूण चार. पहिल्या सामन्यात डॉजर्सच्या ब्लेक स्नेलने आठ डावांत एकच हिट दिला, दुसऱ्यात योशिनोबु यामामोतोने पूर्ण सामना टाकला. असे पिचिंग समोर आले की नवव्या क्रमांकाची खोली आणि पहिल्या क्रमांकाची उंची दोन्ही सारखीच.

आणखी एक. खालची फळी भक्कम करा, हा सल्ला पैसेवाल्यांनाच परवडतो. ओहतानीच्या ७० कोटी डॉलरच्या करारातले ६८ कोटी पुढे ढकलून ज्यांनी तिजोरी मोकळी ठेवली, त्यांनी इतरांना संघबांधणी शिकवू नये.

डगआउटवासी

पैशांबद्दल आधी. ओहतानीला सध्या वर्षाला २० लाख डॉलर मिळतात हे खरे, पण लक्झरी टॅक्सच्या (ठरावीक मर्यादेपलीकडच्या पगारखर्चावरील कराच्या) हिशोबात त्याच्या नावावर दरवर्षी सुमारे ४ कोटी ६० लाख धरले जातात, त्यामुळे तिजोरी वाटते तितकी मोकळी नाही. आणि खोली नेहमी पैशानेच येते असेही नाही. टॉमी एडमन जुलै २०२४ मध्ये सेंट लुईसकडून ट्रेडमध्ये आला तेव्हा दुखापतीमुळे तो त्या हंगामात एकही सामना खेळलेला नव्हता. शॉर्टस्टॉप, सेंटर फील्ड, दुसरा बेस असे क्षेत्ररक्षणात कुठेही उभा राहणारा हा माणूस त्याच ऑक्टोबरमध्ये मेट्सविरुद्धच्या मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. असा खेळाडू मिळवायला मोठ्या तिजोरीपेक्षा धीर जास्त लागतो.

पिचिंगबद्दल वाद नाही. पण आपल्याकडे स्नेल आणि यामामोतो नाहीत म्हणून आठव्या क्रमांकावर कोणीही चालेल, असा निष्कर्ष त्यातून निघत नाही. ते चार सामने ब्रूअर्सच्या हंगामभराच्या कामगिरीवर बोळा फिरवायला पुरेसे आहेत, असे मला वाटत नाही.

चौथा क्रमांक

रोहासचा मुद्दा मान्य, तरी क्रमाचा एक प्रश्न शिल्लक राहतो आणि तो फक्त ओहतानीपुरता आहे. ज्या दिवशी तो स्वतः पिचिंग करतो त्या दिवसाचे काय? मिलवॉकीविरुद्ध चौथ्या सामन्यात घरच्या मैदानावर त्याने पहिल्या डावात तिघांना स्ट्राइकआउट केले आणि लगेच पहिला फलंदाज म्हणून येऊन होमरन मारला. त्या दिवशी त्याने एकूण तीन होमरन मारले आणि सहा डावांत दहा जणांना स्ट्राइकआउट केले. त्यावर कोण काय बोलणार? मात्र वर्ल्ड सिरीजचा सातवा सामना टोरोंटोत होता आणि पाहुणा संघ आधी फलंदाजी करतो, म्हणजे त्याला आधी फलंदाजी करावी लागली. तो सिंगल मारून बेसवर गेला आणि तिथून थेट पिचिंगला आला, तेही आधीच्या पिचिंगनंतर जेमतेम तीन दिवसांच्या विश्रांतीवर. तिसऱ्या डावात टोरोंटोच्या बो बिशेटने त्याला तीन धावांचा होमरन मारला. मुख्य कारण विश्रांतीचा अभाव असेल, पण बुलपेनमध्ये (पिचरांच्या सरावाच्या जागेत) शांतपणे तयारी करण्याची संधीही त्याला मिळाली नव्हती.

आकडेमोड

हा प्रश्न मात्र खरोखर विचार करण्यासारखा आहे. अशा दिवशी त्याला चौथ्या क्रमांकावर ठेवले, तर पहिल्या डावात निदान तीन फलंदाजांइतका वेळ त्याला मिळतो आणि अनेकदा तर पाळीच दुसऱ्या डावात येते. एका सामन्यात चौथ्या क्रमांकामुळे गमावली जाणारी पाळी सरासरी अर्धीही नसते. घरच्या मैदानावर आणि तो पिचिंग करत नसेल त्या दिवशी पहिला क्रमांक, बाहेरच्या मैदानावर पिचिंग असेल त्या दिवशी चौथा. २०२६ साठी मी रॉबर्ट्सच्या जागी असतो तर एवढाच बदल केला असता.

डगआउटवासी

बाहेरच्या मैदानापुरते मला मान्य आहे. त्या दिवशी पहिल्या क्रमांकावर स्मिथ, आणि नवव्यावर सर्वांत जास्त वॉक घेऊ शकेल असा फलंदाज.