१८०६ चं हाफ ईगल घ्यावं का? टोपीवरच्या रेषा आणि इतर शंका

एक्स्टनकर
नमस्कार मंडळी. मी फिलाडेल्फियाजवळ राहतो. आजवर शिवराई आणि ब्रिटिशकालीन रुपये जमवले. आता इथल्या टांकसाळीचं अगदी सुरुवातीचं एक तरी सोन्याचं नाणं हवं, असं मनानं घेतलंय. एका विक्रेत्याकडे १८०६ चं हाफ ईगल, म्हणजे पाच डॉलरचं नाणं पाहिलं. पण त्यावर पाच हा आकडाच कुठे नाही! नाण्यावरच्या लिबर्टी देवीच्या टोपीवर आणि केसांवर समांतर ओरखडे आहेत. शिवाय एनजीसीच्या (नाणी पारखून दर्जा देणारी कंपनी) डबीवर 'एयू डिटेल्स, माउंट रिमूव्हड' असं लिहिलंय, म्हणजे झीज जवळजवळ नाही, पण दागिन्यासाठी लावलेली कडी काढलेली आहे. त्याच विक्रेत्याकडे त्याच सालाचं एक झिजलेलं, पण साधं 'व्हीएफ' (व्हेरी फाइन, म्हणजे मध्यम झीज) नाणंही आहे. कुठलं घेऊ?

सातारी मोहर
सोन्याच्या भावाच्या कितीतरी पट पैसे मोजायचे, तेही पावणेनऊ ग्रॅमसाठी? आणि १८०६ साली ६४ हजारांवर नाणी पाडली होती ना? मग दुर्मिळ कशी?

जर्सीचे अण्णा
मोहरराव, पाडली किती याला या मालिकेत फारसा अर्थ नाही. उरली किती ते बघायचं. १७९२ च्या कायद्यानं अमेरिकेत सोन्याचा भाव चांदीच्या १५ पट ठरवला. युरोपात तो साडेपंधराच्या आसपास होता. मग व्यापारी इथून सोनं उचलायचे आणि तिकडे नेऊन वितळवायचे. दहा डॉलरचं ईगल तर १८०४ नंतर पाडायचंच थांबवलं. पुढे १८३४ मध्ये नवं नाणं हलकं केलं, तेव्हा जुन्या पाच डॉलरच्या नाण्यात नव्या हिशेबानं ५.३३ डॉलरचं सोनं निघू लागलं. मग कोण ठेवतो? उरलीसुरली मुशीत गेली. १८२२ च्या हाफ ईगलची नोंद १७,७९६ ची, आज माहीत आहेत फक्त तीन. त्यातली दोन स्मिथसोनियनमध्ये, तिसरं २०२१ साली ८४ लाख डॉलरला विकलं गेलं.

एक्स्टनकर, आकडा नाही याची काळजी सोडा. हाफ ईगलवर '५ डी' आलं ते १८०७ साली. त्याआधी वजन आणि कस हीच किंमत.

रेषांचं नीट समजून घ्या, कारण इथेच लोक चांगली नाणी नाकारतात. ठसा मारण्याआधी प्रत्येक चकती तोलायचे. जड भरली की कानशीनं घासून वजनात आणायचे, हलकी भरली की परत वितळवायचे. मग ठसा पडताना सपाट भागातल्या रेषा दबून बुजायच्या. पण टोपी आणि केस हे ठशातले खोल भाग, तिथपर्यंत सोनं पूर्ण चढलं नाही तर कानशीच्या खुणा तशाच राहायच्या. म्हणून भिंग लावून बघा: रेषा उंच भागावर ठळक आणि सपाट भागात येताच विरत असतील, तर त्या टांकसाळीतल्याच. नंतर पडलेला ओरखडा उंच-सपाट काही बघत नाही, सरळ कापत जातो आणि त्याच्या कडेला सोनं किंचित वर आलेलं दिसतं. मला तर या कानशीच्या खुणा फार आवडतात. त्या माणसाचा हात दिसतो त्यात.

'माउंट रिमूव्हड' मात्र मला खटकतं. आपल्याकडे पुतळ्यांना कडी लावून माळ करतात, तसंच इथे ही नाणी दागिन्यात गेली. कडी काढली तरी डाग दिलेली (झाळून जोडलेली) जागा राहते. नाण्याच्या कडेचे कंगोरे फिरवून बघा, बहुतेक वरच्या बाजूला, घड्याळात बाराचा आकडा असतो तिथे सापडेल.

माझं स्पष्ट मत: व्हीएफ घ्या. झीज म्हणजे नाणं बाजारात फिरलं, त्यात कमीपणा काही नाही.

एक्स्टनकर
अण्णा, मनापासून आभार. आज दुकानात भिंग घेऊन गेलो होतो. एयूच्या रेषा तुम्ही म्हणता तशाच, गालाजवळ येईतो गायब! पण डोक्याच्या वरच्या बाजूला कंगोरे गुळगुळीत आहेत आणि तिथला रंगही थोडा फिका. व्हीएफची कड सगळीकडून सारखी आहे. त्यावर सहाचा आकडा वरून गोल आहे, टोकदार नाही. त्यानं काही फरक पडतो?

जर्सीचे अण्णा
पडतो. गोल सहा म्हणजे तारे डावीकडे सात, उजवीकडे सहा. टोकदार असता तर आठ आणि पाच. गोल सहाचा प्रकार त्यातल्या त्यात जास्त मिळतो, म्हणून त्याला 'दुर्मिळ प्रकार' म्हणून कोणी जास्त पैसे मागितले तर देऊ नका. तारे मोजा, आणि पावतीवर प्रकार लिहून घ्या.