पाऊस सुरू झाला की बाहेरचा हूटर मध्यरात्री आपोआप वाजतो, तपासायचं काय काय?

खारावारा_देवगड:
आमच्या पतसंस्थेच्या शाखेला बर्गलर अलार्म आहे. पॅनल आत स्ट्राँगरूमच्या बाजूला, हूटर बाहेर रस्त्याकडच्या भिंतीवर साधारण साडेचार मीटर उंचीवर. हूटरमध्येच स्ट्रोब (लुकलुकणारा दिवा) आहे आणि त्याची स्वतःची छोटी बॅटरीही आहे. पॅनलपासून हूटरपर्यंत वायर अंदाजे २५ मीटर, आठ तारांची साधी अलार्म केबल. पॅनलची बॅटरी १२ व्होल्ट ७ एएच, चार वर्षं जुनी.

गेल्या पावसाळ्यात हाच त्रास झाला तेव्हा मेंटेनन्सवाल्यांनी हूटरच बदलून दिला. यंदा मृगाचा पाऊस पडला आणि पुन्हा तेच. कधी पावसाची मोठी सर आल्यावर वाजतो, कधी पाऊस नसतानाही पहाटे तीन-चारला. आवाज पूर्वीसारखा खणखणीत नाही, बसका येतो. स्ट्रोब दिवसा दिसतच नाही. शेजारी आता वैतागले आहेत. पुन्हा नवा हूटर घ्यायचा का? मल्टीमीटर आहे, वापरता येतो.

मीटर_आधी:
नवा हूटर अजिबात घेऊ नका. एका वर्षात दोन हूटर सारखेच बिघडत असतील तर दोष हूटरमध्ये नाही, त्याच्यापर्यंत जे पोचतं त्यात आहे.

शिडी लावण्याआधी पॅनलचा इव्हेंट लॉग बघा. हूटर वाजला त्या वेळेला लॉगमध्ये 'टॅम्पर' (कोणी छेडछाड केल्याचा इशारा) अशी नोंद असेल तर टॅम्परच्या लूपमध्ये, म्हणजे त्या स्विचच्या तारांच्या फेऱ्यात, पाणी किंवा गंज आहे. त्या वेळेला काहीच नोंद नसेल आणि त्याआधी 'एसी फेल' (लाईट गेली), मग 'लो बॅटरी' दिसत असेल, तर कारण अगदी वेगळं आहे. स्वतःची बॅटरी असलेल्या हूटरला पॅनलकडून सतत १२ व्होल्ट येत असतात, त्याला होल्ड-ऑफ म्हणतात. ते व्होल्ट आहेत तोवर हूटर गप्प. ते तुटले की हूटर समजतो कोणी वायर कापली, आणि स्वतःच्या बॅटरीवर वाजायला लागतो. लाईट रात्री अकराला गेली, पॅनलची चार वर्षांची बॅटरी तीनपर्यंत संपली, की हूटर बोंबलणारच. तो बिचारा नेमून दिलेलं कामच करतोय. तुमच्याकडे 'पाऊस नसतानाही पहाटे' हे बहुतेक त्यातलंच.

बॅटरी तपासताना एक गोष्ट लक्षात ठेवा. चार्जर चालू असताना टर्मिनलवर १३.६ ते १३.८ व्होल्ट दिसतील, ते चार्जरचे आहेत, बॅटरीचे नाहीत. मेन्स बंद करा, पॅनल पूर्ण लोडवर म्हणजे हूटर आणि स्ट्रोब वाजत ठेवून पाच मिनिटांनी मीटर लावा. चांगली बॅटरी १२ च्या आसपास टिकून राहते. ११.५ च्या खाली गेली तर बदला. कोकणातल्या बंद, गरम खोलीत सीलबंद लेड-अ‍ॅसिड बॅटरी तीन वर्षांच्या पुढे भरवशाची राहत नाही. नवी बसवली की अंगावर मार्करने तारीख लिहा. बहुतेक ठिकाणी ही तारीखच सापडत नाही, आणि सगळं तिथेच अडतं.

ईएलव्ही_सांगली:
वरच्या प्रतिसादाशी सहमत. बसक्या आवाजाचं गणितही सांगतो, कारण हे फार जण विसरतात.

साधी अलार्म केबल म्हणजे ०.२२ चौरस मिलिमीटर. तिच्या एका तारेचा रोध १०० मीटरला सुमारे ८ ओहम. तुमची २५ मीटर, जाऊन-येऊन ५० मीटर, म्हणजे ४ ओहम. हूटर आणि झेनॉन स्ट्रोब मिळून ६०० मिलिअँपिअर घेत असतील तर वाटेतच २.४ व्होल्ट गळतात. बॅटरीवर पॅनल १२ देत असेल तर हूटरला ९.६ मिळतात. आवाज बसणार, स्ट्रोब मंदावणार. त्यात टर्मिनलला गंज असेल तर आणखी कमी. नवीन हूटर लावलात तरी हे आकडे तेच राहतील.

उपाय स्वस्त आहे. आठ तारांपैकी साधारण पाच वापरात असतात: प्लस, मायनस, हूटरचा ट्रिगर (चालू होण्याचा इशारा देणारी तार), स्ट्रोबचा ट्रिगर, टॅम्पर. उरलेल्या तिनांपैकी एक प्लसला आणि एक मायनसला जोडीने लावा, दोन्ही टोकांना. रोध निम्मा, गळती १.२ व्होल्ट. आठवी तार मोकळी ठेवा, टोक टेपने बंद करून. पुढे केबलच बदलायची वेळ आली तर प्लस-मायनससाठी १ चौरस मिलिमीटरची ओढा, मग गळती अर्ध्या व्होल्टच्या आसपास येते.

मीटर हूटरच्या टर्मिनलवर, तो वाजत असतानाच लावायचा. न वाजता घेतलेलं रीडिंग निरुपयोगी, कारण करंटच नाही तर गळतीही दिसत नाही.

स्ट्रोबबद्दल: झेनॉन ट्यूब असेल तर तिची टोकं काळी पडतात, आतला कपॅसिटर सुकतो आणि फ्लॅश विरळ होतो. दुरुस्तीत वेळ घालवू नका, एलईडी स्ट्रोब लावा, करंटही बराच कमी लागतो. पण झेनॉनचं सर्किट उघडणार असाल तर सावध. त्या कपॅसिटरवर ३०० व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि सप्लाय काढल्यावरही तो टिकतो. मीटरने मोजल्याशिवाय हात लावू नका.

चिऱ्याची_भिंत:
हूटर जांभ्या चिऱ्याच्या भिंतीवर आहे का? असेल तर मागचा टॅम्पर आधी बघा. हूटर भिंतीतून उपटला तर कळावं म्हणून मागे एक पिन किंवा स्प्रिंग भिंतीला टेकलेली असते. चिऱ्याला बारीक खड्डे असतात, आणि पिन नेमकी खड्ड्यात आली की अर्धवट दाबली जाते. वारा आला, झाकण उन्हात फुगलं, की स्विच उघडतो. पिनच्या मागे सपाट अ‍ॅक्रिलिकचा तुकडा भिंतीला घट्ट चिकटवा आणि पिनचा स्क्रू फिरवून स्विच 'टक' करून पुढे अजून एक आटा घ्या. स्विचच्या कडेवर सेटिंग सोडलं तर पहिल्या थंड रात्री पुन्हा वाजेल.

लूपचा रोध मोजा. तारा पॅनलवरून सुट्या करा, हूटरकडे त्या शॉर्ट करून आकडा लिहून ठेवा, मग स्विचमधून तोच आकडा घ्या. दोन्हींत जेमतेम एखाद्या ओहमचा फरक असावा. आकडा नाचत असेल तर मायक्रोस्विचमध्ये खारं पाणी गेलंय, तो घासून चालत नाही, बदलावा लागतो.

पाणी बहुतेक वेळा झाकणातून जात नाही, केबलबरोबर जातं. वरून खाली येणारी केबल थेट आत घातली की पाणी तिच्यावरून ओघळत टर्मिनलवर. केबल मागून, भिंतीतूनच यावी, आणि भोक आतून बाहेर किंचित उतरतं असावं. बाहेरून आणावीच लागली तर शिरण्याआधी तिला खाली एक झोळ द्या, पाणी तिथून ठिबकून जातं. हूटरच्या कडा वरून आणि दोन्ही बाजूंनी सिलिकॉनने भरा, खालची बाजू मात्र मोकळी ठेवा. तळाला पाणी निघून जायचं जे भोक असतं ते अनेक जण बंद करून टाकतात, आणि मग आत दमट हवा कोंडून सर्किटवर दव धरतं. सिलिकॉनही न्यूट्रल क्युअरचाच घ्या. ज्याला आंबट, व्हिनेगरसारखा वास येतो तो सुकताना अ‍ॅसिड सोडतो, आणि तांब्याच्या तारांवर हिरवा थर येतो.

स्क्रू स्टेनलेस, समुद्राजवळ ३१६ ग्रेडचे. जस्ताचा मुलामा दिलेले दोन पावसाळ्यांत फुलतात आणि मग झाकण उघडताना मुंडी तुटते. गिट्टी चिऱ्यात ढिली बसत असेल तर लांब गिट्टी वापरा किंवा केमिकल अँकर.

खारावारा_देवगड:
सगळ्यांचे आभार. भिंत चिऱ्याचीच आहे. लॉग बघितला. पहाटेच्या वेळी आधी 'एसी फेल', मग 'लो बॅटरी', पुढे काही नाही. पावसाच्या वेळची नोंद 'टॅम्पर'. म्हणजे दोन वेगळे दोष आहेत. बॅटरी लोडवर १०.९. टॅम्परचा आकडा १५ ते ६० ओहम असा नाचतोय. शॉर्ट करून ४ येतो. उद्या वर चढून उघडायचं आहे. झाकण काढल्याबरोबर वाजणार नाही ना? पावसाळाभर वर प्लॅस्टिकची पिशवी बांधून ठेवली तर?

मीटर_आधी:
पिशवी नको. आवाज दबतो आणि आत घाम धरतो. दिव्याच्या काचेवर रंगाचा पट्टाही ओढू नका. ती पॉलिकार्बोनेटची असते, साबणाच्या पाण्याने पुसा. थिनर किंवा पेट्रोलने तडे जातात.

वाजू नये म्हणून आधी पॅनल सर्व्हिस मोडमध्ये टाका. होल्ड-ऑफ आणि मेन्स चालूच ठेवा, कारण पॅनल बंद केलं तर हूटर तुम्ही शिडीवर असतानाच वाजेल. झाकण काढल्यावर सर्वांत आधी हूटरच्या बॅटरीचा प्लग काढा, मग बाकी काम. तरीही कानावर इअरमफ हवेतच. कानाजवळ ११० डेसिबल आले की माणूस दचकतो, आणि साडेचार मीटरवर दचकणं परवडत नाही. खाली शिडी धरायला एक जण ठेवा. उघडल्यावर आत टॉर्च मारून बघा, पालीची अंडी आणि मुंग्यांची माती हमखास असते, ब्रशने काढा.

ईएलव्ही_सांगली:
हूटरची आतली बॅटरीही आत्ताच बदला. बऱ्याच ठिकाणी ती ७.२ व्होल्टची निकेल-मेटल हायड्राइड असते, काहींत १२ व्होल्टची लेड-अ‍ॅसिड. जुनीवर लिहिलेला प्रकारच घ्या, कारण चार्जिंगचं सर्किट त्याच प्रकारासाठी असतं. ७.२ वाली वाजताना ६ च्या खाली गेली तर ती संपली समजा.

पॅनलमध्ये हूटरची वेळ ५ ते १० मिनिटं ठेवा आणि स्ट्रोब मात्र रीसेट करेपर्यंत चालू राहू द्या. आवाज थांबल्यावर पोलीस किंवा शाखाधिकारी आले तरी कोणत्या इमारतीत अलार्म झाला हे त्या दिव्यावरून कळतं. ब्रिटनमध्येही घंटा २० मिनिटांत थांबवायची पद्धत आहे, तासभर वाजत राहिलेला हूटर लोक ऐकूनही दुर्लक्ष करायला शिकतात.

चिऱ्याची_भिंत:
टर्मिनल घट्ट केल्यावर डायइलेक्ट्रिक ग्रीसचा पातळ थर द्या. हूटरची नवी बॅटरी लावल्या लावल्या होल्ड-ऑफ काढून चाचणी घेऊ नका, ती बहुतेक वेळा पूर्ण भरलेली नसते आणि हूटर दोन मिनिटांत दमला की नवा दोष समजून पुन्हा उघडाल. २४ तास चार्ज होऊ द्या, मग दुपारी, शेजाऱ्यांना सांगून, पॅनलवरची होल्ड-ऑफची तार काढा. तो लगेच पूर्ण आवाजात वाजला पाहिजे, आणि तार परत लावली की थांबला पाहिजे.