एबीएस सेन्सरचा कोड येतोय, पण सेन्सर आता मिळत नाही

प्रश्न

जुनी, पुढच्या चाकांना ड्राइव्ह असलेली गाडी. चावी फिरवल्यावर एबीएसचा (ब्रेक मारताना चाक लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा लागून विझतो, पण गाडी हलली की कधीकधी पुन्हा पेटतो. बिघाडाचा कोड पुढच्या डाव्या चाकाचा वेग मोजणाऱ्या सेन्सरचा. दिवा बंद असतो तेव्हा गाडी थांबता थांबता पेडल थरथरतं. हा दोन तारांचा सेन्सर कंपनीने बनवणं बंद केलंय. दुसऱ्या मॉडेलचा बसवता येईल का? काय काय जुळायला हवं?

उत्तर १

सेन्सर शोधायची घाई करू नका. वायर तुटलेली असेल तर कंट्रोल युनिटला ते गाडी उभी असतानाच कळतं आणि दिवा विझतच नाही. तुमचा दिवा चाक फिरल्यावर लागतो, म्हणजे सर्किट बहुधा जोडलेलं आहे आणि सिग्नल वेडावाकडा येतोय. थांबताना पेडल थरथरणं हे तर फुटलेल्या किंवा गंजाने फुगलेल्या टोन रिंगचं (चाकाबरोबर फिरणारं, सेन्सर वाचतो ते दातेरी कडं) नेहमीचं लक्षण. कमी वेगात एखादा दाता चुकला की युनिटला चाक लॉक झाल्यासारखं वाटतं आणि ते त्या चाकाचा दाब सोडतं.

आधी मोजा. चावी बंद करा, पुढची दोन्ही चाकं स्टँडवर उचला, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवा आणि सेन्सरचा कनेक्टर सोडवा. अशा पॅसिव्ह (बाहेरच्या सप्लायशिवाय स्वतःच सिग्नल तयार करणाऱ्या) सेन्सरचा रेझिस्टन्स साधारण 800 ते 2,500 ओहम असतो. नेमका आकडा महत्त्वाचा नाही, डावा-उजवा जवळपास सारखे हवेत. मग मीटर एसी व्होल्टवर ठेवून चाक हाताने सेकंदाला एक फेरी या गतीने फिरवा. दोन्ही बाजूंची तुलना करा. वायर हलवताना आकडा उड्या मारत असेल, तर तार इन्सुलेशनच्या आत तुटत चालली आहे.

फक्त एक लक्षात ठेवा, रिंगची भेग मीटर लपवतो. तो सरासरी दाखवतो, एक चुकलेला दाता त्यात दिसत नाही. टॉर्च घेऊन रिंगची पूर्ण फेरी डोळ्यांनी बघा.

उत्तर २

सेन्सर बदलायची वेळ आलीच तर पॅसिव्हच्या जागी पॅसिव्हच हवा. ॲक्टिव्ह सेन्सरला युनिटकडून सप्लाय लागतो, तो इथे चालणार नाही. टोकाचा व्यास, बॉडीची लांबी, बोल्टच्या भोकाचं अंतर आणि रेझिस्टन्स जुळवा. कनेक्टर वेगळा असेल तर जुना कापून जोडता येतो: दोन्ही जोड एकमेकांसमोर येऊ न देता मागेपुढे ठेवा, सोल्डर करून आत गोंद असलेली हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी) चढवा. तारांचा पीळ उलगडू नका, तो इतर वायरिंगचा व्यत्यय अडवतो. जोड सस्पेन्शनबरोबर वाकणाऱ्या भागात नको.

जुना काढताना वायर धरून ओढू नका. बोल्ट काढून गंज सोडवणारं तेल मारा, मुरू द्या, मग बॉडी हळूहळू डावी-उजवी फिरवा. बसण्याची जागा घासून स्वच्छ करा, कारण तिथल्या गंजाच्या थराने सेन्सर उचलला जातो, सेन्सर आणि रिंगमधली गॅप वाढते आणि सिग्नल पडतो.

प्रश्नकर्ता

रेझिस्टन्स डावीकडे 1,150, उजवीकडे 1,120 ओहम. एसी व्होल्टेजही जवळपास सारखं. पण डाव्या रिंगला आरपार भेग आहे. चिकटवून चालेल का? रिंगही मिळत नाहीये.

उत्तर १

चिकटवू नका. भेगेजवळ दोन दात्यांमधलं अंतर वाढलेलं असतं आणि युनिट नेमकं तेच अंतर वाचतं.

रिंग मॉडेलवरून शोधू नका, मापावरून शोधा: दात्यांची संख्या, आतला व्यास, बाहेरचा व्यास, उंची. दाते दोनदा मोजा. एकानेही फरक पडला तर त्या चाकाचा वेग कायम चुकीचा दिसेल. ड्राइव्ह शाफ्टच्या जॉइंटवरचा गंज धातू चमकेपर्यंत काढा, नाहीतर नवी रिंगही तशीच फुटेल. रिंग ओव्हनमध्ये सुमारे 150 अंशांपर्यंत गरम करा आणि सरळ बसवा. तिरकी बसली तर प्रत्येक फेरीत गॅप कमी-जास्त होईल. शेवटी पूर्ण फेरीत फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) गॅप तपासा. ती बहुतेक गाड्यांत 1 मिमीच्या आसपास असते, तुमच्या गाडीचा आकडा मॅन्युअलमध्ये बघा.

उत्तर २

काम होईपर्यंत गाडी चालवायचीच असेल तर दिव्यांकडे लक्ष ठेवा. फक्त एबीएसचा दिवा असेल तर साधा ब्रेक चालतो. लाल ब्रेकचा दिवाही पेटला तर मागच्या चाकांचा दाब आवरणारी यंत्रणाही बंद असू शकते, जोरात ब्रेक मारल्यास मागची चाकं आधी लॉक होतील. ब्रेक ऑइलची पातळीही तेव्हाच बघा, त्याचा इशाराही बऱ्याच गाड्यांत याच दिव्यावर येतो.